अँटीबॉडीची रक्त तपासणी: नसांच्या आजारात रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा?

सकाळी उठल्यावर सगळं ठीक असतं. दुपारनंतर एका डोळ्याची पापणी खाली यायला लागते. संध्याकाळी समोरची एक मोटारसायकल दोन दिसते. जेवताना जबडा दमतो, घास गिळताना पाणी नाकातून येतं. रात्री झोप झाली की सकाळी पुन्हा बरं वाटतं. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, सलाईन लावून घे. कुणी चष्म्याचा नंबर तपासायला सांगतं. शेवटी मोठ्या शहरातले डॉक्टर एक महागडी रक्त तपासणी लिहून देतात. आठ-दहा दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, 'निगेटिव्ह'.

मग घरात चर्चा सुरू होते. आजार नाही म्हणजे सुटलो का? की पैसे वाया गेले? की लॅब चुकली?

खरं तर या तिन्हींपैकी काहीच नसू शकतं. नसांच्या काही आजारांत रक्तातली अँटीबॉडी सापडली तर निदान जवळपास पक्कं होतं. पण ती सापडली नाही म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही. प्रत्येक आजारात या तपासणीची ताकद वेगळी असते. ती समजून घेतली नाही तर दोन प्रकारे नुकसान होतं. खरा रुग्ण उपचाराविना घरी बसतो, नाहीतर निरोगी माणूस नको ती औषधं वर्षानुवर्षं घेत राहतो.

अँटीबॉडी म्हणजे नेमकं काय?

शरीरात जंतू शिरला की त्याच्याशी लढायला रक्तात खास प्रथिनं तयार होतात. त्यांनाच अँटीबॉडी म्हणतात. ही शरीराची राखण करणारी फौज. कधी कधी ही फौज घरचा आणि परका यात गफलत करते आणि आपल्याच नसांवर, स्नायूंवर किंवा मेंदू-मणक्यावर तुटून पडते. अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात.

रक्त तपासणीत ही वाट चुकलेली अँटीबॉडी शोधतात. साखर किंवा हिमोग्लोबिन मोजण्यापेक्षा हे काम वेगळं आहे. साखर प्रत्येकाच्या रक्तात असते, ती फक्त कमी-जास्त होते. इथे मात्र एक विशिष्ट अँटीबॉडी आहे की नाही, ते पाहायचं असतं. रुग्णाच्या अंगात तिसरीच अँटीबॉडी काम करत असेल आणि तपासणी पहिलीची केली असेल, तर रिपोर्ट निगेटिव्हच येणार.

मायस्थेनिया: 100 पैकी 85 जणांत सापडते

वर सांगितलेली लक्षणं मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराची आहेत. नस स्नायूला हुकूम देते तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. स्नायूवर हा हुकूम झेलणारी जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. मायस्थेनियात अँटीबॉडी याच जागा अडवते आणि नष्ट करते. त्यामुळे काम केलं की स्नायू लवकर दमतो आणि विश्रांती घेतली की सावरतो.

या आजारातली मुख्य तपासणी म्हणजे ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटीबॉडी. आजार सगळ्या अंगात पसरलेला असेल तर साधारण 100 पैकी 85 रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्या रुग्णांत येते. म्हणजे नुसती पापणी पडणाऱ्या दोन खऱ्या रुग्णांपैकी एकाचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

ही तपासणी निगेटिव्ह आली तर डॉक्टर दुसरी अँटीबॉडी तपासतात, तिचं नाव मस्क. मस्कचे रुग्ण कमी असतात, पण ते ओळखणं गरजेचं आहे. त्यांच्यात गिळणं, बोलणं आणि श्वास यांचा त्रास जास्त असतो आणि नेहमीच्या गोळ्यांचा गुण तितका येत नाही. याशिवाय काही रुग्णांत कोणतीच ओळखीची अँटीबॉडी सापडत नाही. तरीही त्यांना मायस्थेनिया असतो आणि उपचाराने फरकही पडतो.

अशा वेळी निदान दुसऱ्या वाटांनी होतं. नसेला सौम्य विजेचे झटके पाठोपाठ देऊन स्नायूचा प्रतिसाद हळूहळू कमी होतो का, हे मशीनवर पाहतात. आणखी एक सोपी तपासणी डॉक्टर दवाखान्यातच करतात. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवायचा. थंडीने पापणी स्पष्ट वर आली तर मायस्थेनियाची शंका बळावते.

मायस्थेनिया ठरला की छातीचा सीटी स्कॅन सांगतात. ते ऐकून अनेकांना वाटतं, डोळ्याच्या आजारात छाती कशाला? कारण असं की छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते आणि मायस्थेनियाच्या 100 पैकी साधारण 10 ते 15 रुग्णांत तिथे गाठ निघते. हा स्कॅन टाळू नये.

सापाच्या विषातून आलेली तपासणी

या तपासणीची गोष्ट शेतकऱ्यांना जवळची वाटेल. तैवान आणि चीनकडे मण्यारच्या जातीचा एक साप आहे. त्याच्या विषातलं एक द्रव्य ॲसिटिलकोलीनच्या त्याच रिसेप्टरला घट्ट चिकटतं. शास्त्रज्ञांनी या विषाचाच उपयोग करून रिसेप्टर ओळखला. 1973 साली अमेरिकेत सशांना हा रिसेप्टर टोचल्यावर त्यांच्यात मायस्थेनियासारखाच अशक्तपणा दिसला. 1976 पर्यंत माणसाच्या रक्तातली अँटीबॉडी मोजायची पद्धत तयार झाली. त्या मूळ पद्धतीत आजही हेच विष अगदी थोड्या प्रमाणात वापरतात.

यातूनच एक धोक्याची गोष्ट लक्षात येते. आपल्याकडच्या मण्यारच्या चाव्यानेही पापण्या पडतात, डबल दिसतं, गिळता येत नाही आणि श्वास बंद पडतो. मण्यार बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही अनेकदा दिसत नाही. त्यामुळे रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला आणि पापण्या उघडेनात, तर तिथे अँटीबॉडीची तपासणी करत बसायचं नाही. थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. कीटकनाशकाची फवारणी केल्यावर किंवा ते पोटात गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मान, हातपाय आणि श्वास कमजोर होऊ शकतो. ती माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

जीबीएस: इथे रिपोर्टची वाट पाहायची नाही

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, धायरी या भागांत जीबीएसचे, म्हणजे गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. संशयित आणि निदान झालेले मिळून आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि काही जणांचा जीव गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले. दूषित पाण्याची चर्चा राज्यभर झाली.

या जंतूच्या बाहेरच्या आवरणातला काही भाग आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या पदार्थासारखा असतो. जंतूशी लढायला तयार झालेली अँटीबॉडी मग नसांवरही हल्ला करते. आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला, मग एक ते तीन आठवड्यांनी पायात मुंग्या आणि पायापासून वर चढत जाणारी कमजोरी, असा हा क्रम असतो.

मग जीबीएसमध्ये गँग्लिओसाइड अँटीबॉडीचं मोठं पॅनेल करून घ्यायचं का? बहुतेक वेळा गरज नसते. जीबीएसच्या अनेक रुग्णांत, विशेषतः नसेचं वरचं आवरण खराब होणाऱ्या नेहमीच्या प्रकारात, या अँटीबॉडी सापडतच नाहीत. 2023 साली आलेल्या युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनातही ही तपासणी सरसकट करू नये असंच सांगितलं आहे. एक अपवाद आहे. डोळ्यांची हालचाल थांबणं, चालताना तोल जाणं आणि गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय न उडणं, असं एकत्र दिसलं तर तो मिलर फिशर हा जीबीएसचा भाऊबंद असतो. त्यात जीक्यू-वन-बी ही अँटीबॉडी 100 पैकी 80 ते 90 रुग्णांत सापडते. तिथे ती तपासणी कामाची आहे.

बाकी जीबीएसचं निदान रुग्णाला तपासून होतं. नस तपासणी आणि पाठीतलं पाणी यांची मदत घेतात. पण पहिल्या आठवड्यात पाठीतलं पाणीही नॉर्मल येऊ शकतं. त्यावरून 'काही नाही' असं समजून रुग्णाला घरी नेणं धोक्याचं आहे. 100 पैकी 20 ते 30 रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. आयव्हीआयजीची इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलणं हे दोनच खात्रीचे उपचार आहेत आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत झाले तर फायदा जास्त. अँटीबॉडीचा रिपोर्ट यायलाच अनेकदा आठवडा जातो. त्याची वाट पाहणं म्हणजे उपचाराची वेळ घालवणं.

डोळा आणि मणका: योग्य अँटीबॉडी सापडली तर औषधच बदलतं

एका डोळ्याची नजर काही दिवसांत अचानक कमी होणं, कमरेखालचा भाग बधिर आणि लुळा पडणं, लघवी अडकणं, किंवा थांबता न थांबणारी उचकी-उलटी. असे झटके देणारा एक आजार आहे, त्याचं नाव एनएमओ. पूर्वी तो एमएस या आजारातच मोजला जायचा. 2004 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी यातली खास अँटीबॉडी शोधली. पुढच्याच वर्षी ती ॲक्वापोरिन-4 या प्रथिनावर हल्ला करते हे कळलं.

चांगल्या पद्धतीने केली तर ही तपासणी 100 पैकी साधारण 75 ते 80 रुग्णांत पॉझिटिव्ह येते आणि खोटी पॉझिटिव्ह फारच क्वचित येते. इथे रिपोर्टला मोठी किंमत आहे. कारण एमएसची काही औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार वाढू शकतो.

याच गटातली मॉग नावाची दुसरी अँटीबॉडी मात्र जपून वाचावी लागते. तिचं प्रमाण ठळक असेल तर रिपोर्ट भरवशाचा. अगदी थोडं असेल तर तो खोटा इशाराही असू शकतो. म्हणून 2023 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत प्रमाण कमी असल्यास लक्षणं आणि एमआरआयचा आधार मागितला आहे.

हिशोब करून पाहा: तीच तपासणी, दोन वेगळे अर्थ

समजा एक तपासणी आहे. ती 100 पैकी 85 खऱ्या रुग्णांना पकडते आणि 100 निरोगी लोकांपैकी फक्त एकाला चुकून पॉझिटिव्ह दाखवते. ऐकायला उत्तम वाटते.

आता अंगदुखी आणि थकवा असलेल्या 10,000 लोकांची सरसकट तपासणी केली. मायस्थेनिया दुर्मिळ आहे, या 10,000 मध्ये खरा रुग्ण एखादाच असेल. तो पकडला गेला. पण उरलेल्या 9,999 पैकी शंभरएक जण चुकून पॉझिटिव्ह आले. म्हणजे 101 पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी खरा एकच.

दुसरीकडे, पापणी पडते, डबल दिसतं, संध्याकाळी त्रास वाढतो, असे 100 लोक डॉक्टरांनी नीट तपासून निवडले. त्यांच्यापैकी 50 जणांना खरंच आजार आहे. त्यातले 42-43 पॉझिटिव्ह आले. बाकीच्या 50 मध्ये चुकून एखादा. इथे पॉझिटिव्ह रिपोर्ट जवळपास नेहमी खरा. पण निगेटिव्ह आलेल्या 57 जणांकडे बघा. त्यात सात-आठ खरे रुग्ण लपलेले आहेत.

यंत्र तेच, रक्त तेवढंच. फरक पडला तो कुणाची तपासणी केली यामुळे. म्हणूनच लक्षणं न पाहता केलेलं मोठं पॅनेल अनेकदा गोंधळ वाढवतं आणि नीट तपासून लिहिलेली एकच तपासणी उत्तर देऊन जाते.

रिपोर्ट कशामुळे चुकू शकतो?

- आयव्हीआयजीनंतर रक्त घेतलं तर. हे इंजेक्शन हजारो रक्तदात्यांच्या अँटीबॉडीपासून बनतं. ते दिल्यावर दुसऱ्याच्या अँटीबॉडी रुग्णाच्या रक्तात दिसू शकतात आणि रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. नमुना आधी काढून ठेवावा, इंजेक्शन मात्र रिपोर्टसाठी थांबवू नये.
- प्लाझ्मा बदलल्यावर रक्त घेतलं तर. अँटीबॉडी धुऊन निघालेली असते, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. बरेच दिवस स्टिरॉइड चालू असेल तरी प्रमाण घटू शकतं.
- पद्धत वेगळी असेल तर. एलायझा ही स्वस्त आणि सर्रास वापरली जाणारी पद्धत. जिवंत किंवा रसायनाने स्थिर केलेल्या (फिक्स्ड) पेशींवर केली जाणारी तपासणी ॲक्वापोरिन, मॉग यांसाठी जास्त भरवशाची. रिपोर्टवर पद्धतीचं नाव लिहिलेलं असतं, ते डॉक्टरांना दाखवावं.
- आकडा काठावर असेल तर. प्रत्येक लॅबची नॉर्मलची हद्द वेगळी असते. काठावरचा आकडा म्हणजे पक्कं निदान नव्हे.

आणखी एक गैरसमज. मायस्थेनियात आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. एकाचा आकडा कमी असून तो व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो आणि दुसरा मोठ्या आकड्यासह शेतात काम करत असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करू नये आणि केवळ आकडा बघायला दर महिन्याला तीच तपासणी करू नये.

तपासणीआधी डॉक्टरांना काय विचारावं?

- डॉक्टरसाहेब, कोणत्या आजाराची शंका आहे?
- रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर उपचार काय बदलेल? निगेटिव्ह आला तर काय?
- रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवायचे का, की चालू करायचे?
- मोठं पॅनेल करण्याऐवजी आधी एकच तपासणी करून चालेल का?
- आधी नस तपासणी किंवा एमआरआय करणं जास्त उपयोगाचं आहे का?

असे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावं.

डॉक्टरांना दाखवायला जाताना मोबाईलचाही उपयोग होतो. सकाळी आणि संध्याकाळी चेहऱ्याचा फोटो काढून ठेवा. पापणीतला फरक त्यात दिसतो. लक्षणं कधी सुरू झाली, आधी जुलाब-ताप होता का, कोणती गोळी चालू आहे, हे कागदावर लिहून न्या. मायस्थेनियाचं निदान झालेल्यांनी तर प्रत्येक दवाखान्यात आधी आजार सांगावा. जेंटामायसिन, सिप्रोफ्लोक्सासिन, क्लोरोक्विन अशा काही नेहमीच्या औषधांनी हा आजार अचानक बळावू शकतो.

केव्हा एक तासही थांबायचं नाही?

खालीलपैकी काहीही दिसलं तर रक्त तपासणी, रिपोर्ट, दुसरं मत हे सगळं नंतर. आधी 108 ला फोन करा आणि व्हेंटिलेटरची सोय असलेलं रुग्णालय गाठा:

- आडवं झोपल्यावर दम लागतो, किंवा एका श्वासात 20 पर्यंत आकडे मोजता येत नाहीत
- पाणी किंवा थुंकी गिळताना ठसका लागतो, आवाज बारीक किंवा नाकातून येतो
- पायाची कमजोरी एक-दोन दिवसांत हातापर्यंत चढली
- मान उचलून धरता येत नाही
- लघवी अडकली किंवा कमरेखाली अचानक बधिरपणा आला
- एका डोळ्याची नजर झपाट्याने गेली

रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी ही लक्षणं असतील तर रुग्ण घरी ठेवू नये. आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह असला पण लक्षणच नसेल, तर घाबरून औषधं सुरू करण्याआधी न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना, एकदा प्रत्यक्ष दाखवावं. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवून हा निर्णय होत नाही. त्यासाठी डॉक्टरांना रुग्णाचे डोळे, हातपाय आणि श्वास स्वतः तपासावे लागतात.